पारखून घेणारा विश्वास : ख्रिस्ती माणसाने प्रौढ विचार करण्याची सवय कशी लावावी

प्रार्थना कशी करावी, उपास कसा धरावा, साक्ष कशी द्यावी हे आपल्या मंडळ्यांमध्ये आवर्जून शिकवले जाते. विचार कसा करावा हे मात्र क्वचितच कोणी शिकवते. त्यामुळे वर्षानुवर्षे नियमाने उपासनेला येणारी आणि कितीतरी वचने तोंडपाठ असलेली माणसेसुद्धा एखाद्या ठासून बोलणाऱ्या वक्त्यापुढे किंवा मोबाइलवर आलेल्या निरोपापुढे गोंधळून जातात. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले की दुष्टपणाच्या बाबतीत तान्ह्या मुलांसारखे राहा, पण समजुतीच्या बाबतीत प्रौढ व्हा (१ करिंथ. १४:२०). हे त्याने आत्मिक दानांची रेलचेल असलेल्या मंडळीला लिहिले, ही गोष्ट विसरून चालणार नाही. तिथे उत्साहाची कमतरता नव्हती, कमतरता होती ती जाणतेपणाची.

इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी असे म्हटले आहे की बरे आणि वाईट ओळखण्याची शक्ती प्रौढांना सरावाने येते. या लेखाचा सगळा भर त्या सरावावर आहे. पारख ही काही निवडक लोकांना जन्मतः मिळालेली देणगी आहे असे समजून बाकीच्यांनी हात बांधून बसावे, असे शास्त्र कोठेही सांगत नाही. रोजच्या लहान प्रसंगांवर ती घासत गेले, की मोठ्या प्रसंगी ती उपयोगाला येते. पुढील पायऱ्या त्या क्रमाने मांडल्या आहेत. त्यांतल्या काहींना थोडा वेळ पुरेल, काहींवर मात्र महिनोन्‌महिने रेंगाळावे लागेल.

आधी एक भीती दूर करावी

अनेक विश्वासणाऱ्यांना प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास वाटतो. लहानपणापासून थोमाच्या संशयावर संदेश ऐकलेले असतात आणि 'शंका घेऊ नकोस, फक्त विश्वास ठेव' हे वाक्य कानांत मुरलेले असते. पण प्रेषितांची कृत्ये १७:११ उघडून पाहावे. बिरुया गावातल्या लोकांनी पौलाचे बोलणे मोठ्या उत्सुकतेने ऐकले आणि पौल सांगतो ते तसेच आहे की नाही याचा शास्त्रात दररोज शोध घेतला. त्यासाठी लूकाने त्यांना थेस्सलनीकाच्या लोकांपेक्षा थोर मनाचे म्हटले आहे. बोलणारा साक्षात पौल होता, तरीही पडताळा घेणाऱ्यांची स्तुतीच झाली. मडके घेताना ते बोटाने वाजवून पाहणारा माणूस कुंभाराचा अपमान करत नसतो. त्याला त्यात रोज पाणी भरायचे असते, म्हणून तो ते वाजवून पाहतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही त्रैक्याच्या शिकवणीविषयी, मंडळीच्या अधिकाराविषयी, चमत्कारांविषयी त्या आपल्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डीन यांना, पत्रांतून परखड प्रश्न विचारत राहिल्या. आपल्या देशातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्यास आपण तयार नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. जवळच्या माणसांना त्यात गर्व दिसला. परंतु याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले, आणि आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या आणि ते भाषांतर १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले. प्रश्नांनी त्यांचा विश्वास पोखरला नाही. उत्तर सापडेपर्यंत खपण्याची चिकाटी त्यांच्यापाशी होती. प्रौढ विचाराची खूण मला तिथे दिसते. नुसती शंका काढून मोकळे होणे सोपे असते, आणि काहीही न विचारता मान डोलावणेही सोपे असते. विचारणे आणि मग शोधत राहणे यालाच बळ लागते.

पहिली पायरी : वचन एकटे वाचू नये

बायबलमधून काढलेले एकेकटे वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर शोभते, पण निर्णय घेताना ते अपुरे पडते. अरण्यातल्या परीक्षेत सैतानानेही स्तोत्र ९१ मधील वचनच पुढे केले होते, आणि प्रभूने 'असाही शास्त्रलेख आहे' असे म्हणून दुसरे वचन त्याच्यासमोर ठेवले (मत्तय ४:५-७). म्हणजे 'हे बायबलमध्ये आहे' एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही. ते कोणाला, कोणत्या वेळी, कशासाठी सांगितले गेले, हे पाहिल्याशिवाय वचनाचा आधार घेणे धोक्याचे असते.

हे कसे करावे यासाठी एकच वचन नीट घेऊ. यिर्मया २९:११ हे वचन जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती घरात कोठे ना कोठे लावलेले असते: देवाच्या मनातले संकल्प आपल्या हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, आणि तो आपल्याला आशा व भविष्य देऊ पाहतो. परीक्षेचा निकाल, व्हिसा, लग्न, नोकरी या सगळ्यांवर ते लावले जाते. आता मागचा अध्याय उघडावा. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेममधून राजाला, कारागिरांना आणि पुष्कळ लोकांना बाबेलात नेले होते. मागे राहिलेल्या लोकांसमोर, परमेश्वराच्या मंदिरात, हनन्या नावाच्या संदेष्ट्याने जाहीर केले की दोन वर्षांच्या आत सगळे परत येईल: मंदिराची पात्रे येतील, राजा येईल, बंदिवान येतील. बाबेलच्या सत्तेचे चिन्ह म्हणून यिर्मयाच्या मानेवर जे जू होते तेही त्याने सर्वांदेखत मोडून टाकले. ऐकणाऱ्यांना किती बरे वाटले असेल याची कल्पना करता येते.

पुढच्या, म्हणजे एकोणतिसाव्या अध्यायात यिर्मयाने बंदिवासातल्या लोकांना लिहिलेले पत्र आहे. त्यात त्याने सांगितले की घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, आणि तुमच्यामधल्या संदेष्ट्यांना तुम्हाला फसवू देऊ नका. बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर देव तुमचा समाचार घेईल. अकरावे वचन येते ते या दहाव्या वचनाच्या पाठोपाठ. म्हणजे ज्यांना हे वचन पहिल्यांदा मिळाले त्यांच्यातली बहुतेक प्रौढ माणसे परदेशातच मरणार होती. हिताचा संकल्प खराच होता, पण तो त्यांच्या नातवंडांच्या काळात दिसणार होता, आणि तोपर्यंत त्यांना शत्रूच्या नगरात बागा लावायच्या होत्या.

याचा अर्थ हे वचन आपल्यासाठी नाही असा होत नाही. ते आपल्यासाठीही आहे, पण 'माझे काम या महिन्यात होईल' या अर्थाने नाही. देव आपल्या लोकांना विसरत नाही आणि उशीर झाला म्हणजे त्याने सोडून दिले असे नव्हे, हा त्याचा आशय आहे. आणि दुःखात असलेल्या माणसाला दोन वर्षांच्या खोट्या आश्वासनापेक्षा तोच अधिक काळ उभे ठेवतो. म्हणून कोणतेही वचन मनाला भिडले की आधी त्याच्या मागचा व पुढचा अध्याय वाचावा. मग बोलणारा कोण, ऐकणारे कोण आणि त्या वेळी काय घडत होते, हे दोन-तीन ओळींत लिहावे. ऐकणाऱ्यांना त्या वेळी ते कसे वाटले असेल हे स्वतःला विचारावे, आणि त्यानंतरच ते आपल्याला काय सांगते याकडे वळावे. शक्य असेल तर दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवावीत. त्यांत जिथे फरक दिसेल तिथे थांबून पाळकांना किंवा एखाद्या भाष्यग्रंथाला विचारावे.

हनन्याच्या त्या अठ्ठाविसाव्या अध्यायातली आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हनन्याचे बोलणे ऐकून यिर्मयाने प्रथम 'आमेन, परमेश्वर तसेच करो' असे म्हटले. त्यालाही ते खरे व्हावेसे वाटत होते. नंतर त्याने कसोटी सांगितली, की शांतीचा संदेश देणाऱ्याचे वचन प्रत्यक्षात आले म्हणजे तो देवाने पाठवलेला आहे हे कळेल. आणि जू मोडल्यावर त्याने तिथल्या तिथे वाद घातला नाही. तो आपल्या वाटेने निघून गेला आणि देवाचे वचन आल्यावरच पुन्हा बोलला (२८:११-१३). आपल्याला आवडणारी गोष्टसुद्धा तपासावी, आणि तपास पुरा होईपर्यंत गप्प राहण्याची तयारी ठेवावी, हे दोन्ही धडे त्या एका प्रसंगात आहेत.

दुसरी पायरी : ऐकलेले पुढे पाठवण्याआधी थांबावे

अनेक वर्षांपासून एक निरोप मंडळ्यांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा येतो: अफगाणिस्तानात बावीस मिशनऱ्यांना उद्या दुपारी ठार मारले जाणार आहे, तातडीने प्रार्थना करा आणि सर्वांना पाठवा. त्यात तारीख नसते, संस्थेचे नाव नसते, आणि तो 'उद्या' कधीच उलटत नाही. जुलै २००७ मध्ये दक्षिण कोरियाच्या एका मंडळीतील २३ जणांना तालिबानने खरोखर ओलीस धरले होते; त्यांतल्या दोघांना ठार मारण्यात आले आणि ऑगस्टअखेरपर्यंत बाकीचे सुटले. ती घटना खरी आणि हृदयद्रावक होती. परंतु तिच्यानंतर वर्षानुवर्षे फिरत राहिलेला हा निरोप खोटा आहे, आणि तो पाठवणारे बहुतेक सगळे प्रार्थनाशील, सद्भावनेची माणसे आहेत.

'प्रार्थना केली तर नुकसान काय?' असे यावर विचारले जाते. नुकसान आहे. निर्गम २३:१ मध्ये खोटी अफवा पसरवू नको अशी स्पष्ट आज्ञा आहे, आणि पुढच्याच वचनात बहुजनसमाज करतो म्हणून वाईटाच्या मागे जाऊ नको असे म्हटले आहे. अशा निरोपातून एखाद्या समाजाविषयी नकळत द्वेष वाढतो. खऱ्या छळात सापडलेल्या माणसांकडे लक्ष जाईनासे होते. आणि आपले अख्रिस्ती सहकारी जेव्हा पाहतात की ही माणसे काहीही खरे मानतात, तेव्हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाविषयीची आपली साक्षही ते त्याच मापाने मोजतात.

म्हणून नियम साधा ठेवावा. निरोपात नाव, ठिकाण आणि तारीख आहे का ते पाहावे. नसेल तर तो पुढे पाठवू नये. असेल तर ती बातमी कमीत कमी दोन स्वतंत्र, जबाबदार बातमीपत्रांत किंवा संबंधित संस्थेच्या अधिकृत निवेदनात शोधावी. चित्र असेल तर ते चित्रशोधात (रिव्हर्स इमेज सर्च) टाकून मूळ कोठले आहे ते बघावे. हे मोबाइलवर मिनिटभरात होते. 'दहा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल' असे लिहिलेला निरोप तर न वाचताच पुसावा, कारण आशीर्वाद देणाऱ्या देवाला अशा अटी मान्य असल्याचे शास्त्रात कोठेही नाही. आणि कोणी वडीलधारे असा निरोप पाठवतील तेव्हा सर्वांसमोर त्यांना खोडून काढू नये. 'काका, ही बातमी जुनी आहे असे दिसते, मी शोधून पाहिले' एवढे त्यांना वेगळे कळवले तरी पुरते.

तिसरी पायरी : देवाच्या नावाने बोलणाऱ्यांची परीक्षा

थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल दोन गोष्टी एका दमात सांगतो: संदेशांचा धिक्कार करू नका, आणि सर्व गोष्टींची पारख करा (१ थेस्स. ५:२०-२१). आपल्याकडे काही मंडळ्या यातले पहिलेच ऐकतात आणि काही दुसरेच. दोन्ही एकत्र धरणे हे या पायरीचे काम आहे.

बोलणे घडून आले नाही तर ते परमेश्वराचे नव्हते, ही जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाची (१८:२२) कसोटी आजही लागू आहे. अमेरिकेतील विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ रोजी प्रभू येईल अशी वाट पाहिली. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली. दोन्ही दिवस आले आणि गेले, आणि त्यांच्या भरवशावर घरदार विकून बसलेल्यांचे अश्रू मागे राहिले. त्या दिवसाविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, हे मार्क १३:३२ मधले वचन माहीत असलेल्या माणसाने तारीख ऐकताच पुढचे ऐकण्याची गरज नव्हती. अनुवाद १३ ची कसोटी मात्र अधिक कठीण आहे. तिथे चिन्ह घडूनही येते, तरी ते देवापासून दूर नेत असेल तर त्या माणसाचे ऐकू नये असे सांगितले आहे. म्हणजे चमत्कार झाला एवढ्याने शिकवण खरी ठरत नाही.

पैशाच्या बाबतीत आपण फार संकोच करतो. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी असा संकोच केला नव्हता. डिडाखे या अतिप्राचीन मार्गदर्शिकेत लिहिले आहे की प्रवासी प्रेषिताने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दोन दिवस. तीन दिवस राहिला किंवा निघताना पैसे मागितले तर तो खोटा संदेष्टा समजावा. आज प्रवासखर्च, भाडे, पगार ही खरी गरज आहे, त्यामुळे तो नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. पण करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल गरिबांसाठी जमवलेली वर्गणी एकट्याने नेत नाही; मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतो, आणि आपल्यावर कोणी दोष ठेवू नये म्हणून ही खबरदारी, असे कारणही देतो. जो सेवक हिशेब दाखवण्यास नाखूश आहे आणि हिशेब विचारणाऱ्याला 'अभिषिक्ताला हात लावू नको' असे बजावतो, त्याच्या हाती दशांश देण्याआधी विश्वासणाऱ्याने पौलाचे हे वागणे आठवावे.

आजाराच्या बाबतीत मी अधिक ठाम लिहितो, कारण इथे जीव जातात. देव बरे करतो असा आपला विश्वास आहे आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्याची आज्ञा याकोब ५ मध्ये आहे. पण 'विश्वास असेल तर गोळ्या बंद कर' असे कोणी म्हणाले तर ते ऐकू नये, मग तो कितीही नावाजलेला असो. मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांत प्राणावर बेतू शकते. क्षयरोगाचे औषध मध्येच सोडले तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि तोच रोग घरातल्यांनाही होऊ शकतो. लूक हा वैद्य होता, पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, आणि त्रफिमाला तो मिलेतात आजारी असताना ठेवून गेला (१ तीम. ५:२३, २ तीम. ४:२०). ज्या पौलाच्या हातून लोक बरे झाले, त्याच्याच सोबत्यांविषयीचे हे उल्लेख आहेत. मिरजेचे वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय असो की १९७० मध्ये आरोळे डॉक्टर दांपत्याने जामखेडला सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प असो, ती उभारणाऱ्या ख्रिस्ती डॉक्टरांनी प्रार्थना आणि औषध यांना एकमेकांविरुद्ध उभे केले नाही. बरे झाल्याची खात्री पटली असेल तर ती डॉक्टरांकडे तपासून घ्यावी; प्रभूनेही कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवण्यास सांगितले होते.

चौथी पायरी : मुद्द्याचे वजन ठरवणे

सगळे प्रश्न सारख्या महत्त्वाचे समजणारा माणूस एक तर सतत भांडतो किंवा सगळेच सोडून देतो. म्हणून प्रश्न पुढे आला की तो कोणत्या पातळीचा आहे हे आधी ठरवावे. येशू ख्रिस्त खरा देव आणि खरा मनुष्य आहे, तो मेला व उठला, तारण त्याच्या कृपेने आहे, हे ज्यावर आपले ख्रिस्तीपण उभे आहे ते एका बाजूला. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी जो वाद झाला तो या पातळीचा होता, आणि वसईचे कॅथलिक कुटुंब, अहिल्यानगरची मिशनच्या काळातली मंडळी आणि एखादे नवे पेंटेकॉस्टल प्रार्थनाघर या बाबतीत एका बाजूला उभे राहतात. त्यानंतर येतात मंडळ्यांमध्ये प्रामाणिक मतभेद असलेले प्रश्न, आणि त्याच्याही खाली आवडीनिवडी: टाळ-मृदंगावर भजने गावीत की गिटारवर, उपासनेला जमिनीवर बसावे की बाकांवर.

मधल्या पातळीचे उत्तम उदाहरण आपल्याच भूमीवरचे आहे. १९७० मध्ये नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत बालकांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि विश्वास जाहीर केल्यावरच बाप्तिस्मा द्यावा असे मानणारेही होते. त्यांनी दोन्ही रीतींना जागा ठेवली. कोणीही हा प्रश्न क्षुल्लक म्हटला नाही. पण त्यासाठी एकमेकांना अविश्वासी ठरवावे इतकेही वजन त्याला दिले नाही. पुढच्या वेळी मंडळीत वाद पेटला की बोलण्याआधी हा मुद्दा कोणत्या पातळीचा आहे हे कागदावर लिहून पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच आवाज खाली येतो.

पाचवी पायरी : जिथे सरळ आज्ञा नाही तिथे

गणेशोत्सवात शेजारच्या काकू ताटलीत मोदक घेऊन दारात येतात. काय करावे? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबाला हा प्रश्न दरवर्षी पडतो, आणि उत्तर बहुधा घरातल्या सवयीने दिले जाते, विचाराने नाही. खरे तर पौलाने नेमक्या याच प्रश्नावर करिंथकरांस पहिल्या पत्राचे तीन अध्याय खर्च केले आहेत, आणि ते वाचताना प्रौढ मन कसे चालते हे डोळ्यांपुढे उभे राहते.

तो प्रथम वस्तुस्थिती मान्य करतो: मूर्ती काही नाही, देव एकच आहे, आणि अन्नाने आपण देवाजवळ जात नाही की दूरही जात नाही. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. हे ज्ञान सर्वांना नाही, आणि माझ्या खाण्याने एखाद्या दुर्बळ भावाचा विवेक दुखावत असेल तर मी मांसच खाणार नाही, असे तो म्हणतो. दहाव्या अध्यायात तो प्रसंग वेगवेगळे करतो. देवळातल्या पूजेच्या पंगतीत भाग घेऊ नये, कारण प्रभूच्या मेजाचा आणि त्या मेजाचा असे दोन्हींचे भागीदार होता येत नाही. बाजारात जे विकले जाते ते न विचारता खावे. कोणी घरी जेवायला बोलावले तर वाढलेले न विचारता खावे. पण कोणी सांगितले की हे अर्पण केलेले आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये.

हाच विचार आपल्या दारात आणून पाहावा. दिवाळीच्या फराळाची करंजी आणि आरतीनंतर हातावर ठेवलेला प्रसाद या एकच गोष्टी नाहीत. फराळ हे सणाचे घरगुती खाणे आहे, आणि प्रेमाने आलेला तो डबा परत पाठवणाऱ्याला बाजारातल्या मांसाविषयीचे पौलाचे बोलणे पुन्हा वाचावे लागेल. प्रसाद म्हणून स्पष्ट सांगून दिलेले मात्र वेगळे आहे, कारण देणाऱ्याच्या मनात त्याला पूजेचा अर्थ आहे. मी स्वतः अशा वेळी नम्रपणे नकार देण्याच्या बाजूचा आहे; परंतु शेजाऱ्याचे मन न दुखवता ते हाती घेऊन न खाणारा विश्वासणारा मला माहीत आहे आणि मी त्याला दोष देत नाही. रोमकरांस १४ म्हणते त्याप्रमाणे प्रत्येकाची आपल्या मनात पक्की खात्री झालेली असावी. नकार देताना 'आमच्यात चालत नाही' असे तुसडेपणाने दार लोटणे, आणि 'काकू, मी प्रसाद घेत नाही, पण तुम्ही आठवण ठेवलीत याचा फार आनंद झाला, आत या, चहा घेऊन जा' असे म्हणणे, या दोहोंत निर्णय एकच आहे. साक्ष मात्र अगदी वेगवेगळी आहे.

आता हाच क्रम दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाला लावता येतो: पतसंस्थेतले कर्ज, कार्यालयातली पूजा, मुलाचे दुसऱ्या पंथात लग्न. वस्तुस्थिती काय आहे, माझ्या करण्याचा अर्थ पाहणारा काय घेईल, कोणाला इजा होईल, माझ्या निष्ठेला कोठे धक्का लागतो, आणि प्रीती इथे काय करेल. फिलिप्पैकरांसाठी पौलाची प्रार्थना हीच होती, की त्यांची प्रीती ज्ञानाने व विवेकाने वाढत जावी (१:९). प्रीती आधी आहे, आणि तिला डोळे हवेत म्हणून विवेक आहे.

सहावी पायरी : स्वतःचे मन आणि दुसऱ्यांचे मत

नीतिसूत्रे १८:१७ सांगते की पहिल्यांदा आपली बाजू मांडणारा खरा वाटतो, दुसरा येऊन तपासतो तेव्हा कळते. मंडळीतल्या तंट्यात, घटस्फोटाच्या प्रकरणात, पाळकांवरच्या आरोपात ही कसोटी न लावता मत बनवणे हा अन्याय आहे. ज्याचे म्हणणे पटत नाही त्याचे म्हणणे आपण इतक्या प्रामाणिकपणे मांडावे की त्याने 'होय, मला हेच म्हणायचे आहे' असे म्हणावे. मगच उत्तर द्यावे. पण यालाही एक मर्यादा आहे. लैंगिक किंवा आर्थिक अत्याचाराची तक्रार असेल तर दोन्ही बाजू ऐकण्याच्या नावाखाली ती मंडळीच्या चार भिंतींत दाबू नये. पीडित व्यक्तीला आधी सुरक्षित करावे, आणि लैंगिक अत्याचाराला बळी पडलेले बालक असेल तर पोलिसांना कळवणे हे कायद्याने बंधनकारक आहे.

स्वतःच्या मनाला विचारण्याचा प्रश्न एकच पुरे: हे खोटे ठरले तर मला वाईट वाटेल की हायसे? ज्या उत्तराची आपल्याला आधीच ओढ आहे, त्याचा पुरावा दुप्पट काटेकोरपणे तपासावा. राग, भीती आणि घाई या तीन अवस्थांत मोठा निर्णय घेऊ नये. 'आजच ठरव, नाहीतर आशीर्वाद जाईल' असे सांगणाऱ्याला एक रात्र मागावी. देवाकडून आलेली गोष्ट एका रात्रीने शिळी होत नाही.

आणि एकट्याने ठरवू नये. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमच्या सभेत पुष्कळ वादविवाद झाला, पेत्राने आपला अनुभव सांगितला, पौल व बर्णबा यांनी घडलेले सांगितले, याकोबाने आमोसाच्या शास्त्रलेखाशी ते ताडून पाहिले, आणि मगच 'पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले' असे पत्र गेले. आत्म्याचे मार्गदर्शन आणि मोकळी चर्चा यांत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्याभोवती दोन-तीन माणसे अशी असावीत की जी आपल्याला 'नाही' म्हणू शकतील. त्यांत एक तरी आपल्यापेक्षा वयाने मोठे असावे आणि एक तरी वेगळ्या पंथातले.

सराव कसा ठेवावा

एक साधी वही घ्यावी. रविवारी संदेश ऐकताना त्यातले मुख्य वचन आणि मुख्य विधान लिहावे, आणि त्याच आठवड्यात त्या वचनाचा संपूर्ण अध्याय वाचून ते विधान त्यातून खरेच निघते का हे दोन ओळींत नोंदवावे. पाळकांनी चांगले उलगडले असेल तर त्यांना तसे आवर्जून सांगावे. त्यांना टीकेची सवय असते, लक्षपूर्वक ऐकल्याची पोच क्वचित मिळते. शंका राहिली तर ती ग्रुपवर न टाकता त्यांच्या घरी जाऊन विचारावी.

वहीच्या मागच्या पानांवर मोठे निर्णय तारखेसह लिहावेत: काय ठरवले, कोणत्या कारणांनी, कोणाला विचारले, काय होईल असे वाटते. सहा महिन्यांनी ते पान पुन्हा वाचावे. आपण कोणत्या प्रकारच्या माणसाला फार लवकर भुलतो, कोणत्या प्रकारची वचने आपल्याला हवी तशी वाकवतो, हे त्या पानांवरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशावरूनही दिसत नाही.

घरात मुले असतील तर त्यांनाही या सरावात घ्यावे. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत शास्त्रपाठ झाल्यावर 'काय शिकलात?' याच्याऐवजी 'यात न समजलेले काय आहे?' असे विचारावे, आणि उत्तर येत नसेल तर 'मलाही ठाऊक नाही, आपण शोधू' असे म्हणावे. तरुण मुले बाहेर जाऊन जे प्रश्न विचारतील ते त्यांनी आधी आपल्या घरात, आपल्यासमोर विचारलेले बरे. त्या रात्री उत्तर मिळाले नाही तर प्रश्न वहीत लिहून ठेवावा आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागेवरून पुन्हा सुरुवात करावी.